कॉर्नफ्लोअरच्या जागी काय? चार पांढऱ्या पिठांची उलटतपासणी

आमच्या घरी मक्याची ॲलर्जी नवऱ्याला आणि डोक्याला ताप मला, कारण रोजचा स्वयंपाक मी करते. कणीस, पॉपकॉर्न, कॉर्नफ्लेक्स ही उघड मंडळी. ती समोरून येतात, टाळता येतात. खरा छळ कॉर्नफ्लोअरचा. ते सूपमध्ये असतं, तयार सॉसमध्ये असतं, बेकिंग पावडरमध्ये असतं, आयसिंग शुगरमध्ये असतं आणि तापाच्या गोळीतही असू शकतं. शिवाय ते इतकं कामाचं आहे की नुसतं "घालू नका" म्हणून भागत नाही. त्याच्या जागी काहीतरी घालावंच लागतं.

हा रिव्ह्यू त्या काहीतरीचा. बटाट्याचं स्टार्च, टॅपिओका स्टार्च, आरारूट आणि तांदळाची पिठी हे चारही माझ्या ओट्यावर बराच काळ नांदले आहेत. घाईत असाल तर निकाल आधीच सांगते: एकच पाकीट घ्यायचं असेल तर बटाट्याचं स्टार्च घ्या. पण कॉर्नफ्लोअर एकट्याने जेवढी कामं करतं तेवढी सगळी करणारं यातलं एकही पीठ नाही, हेही तितकंच खरं. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. त्याच नावाचं पाकीट दुसऱ्या कारखान्यात भरलं की माझं मत तुमच्या उपयोगाचं राहत नाही, आणि ॲलर्जीत सगळा खेळ कारखान्याचाच असतो.

पिठांकडे वळण्याआधी थोडं ॲलर्जीबद्दल, कारण "शिजवलं की काही होत नाही" हे वाक्य मी फार ऐकलंय. ॲलर्जी असते ती मक्यातल्या प्रथिनांची. त्यातलं एक महत्त्वाचं प्रथिन, ज्याला शास्त्रज्ञ झिया एम १४ (Zea m 14) म्हणतात, उष्णतेला दाद देत नाही. उकळा, भाजा, ते तिथेच. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातलं स्टार्च. ते वेगळं काढताना बहुतेक प्रथिन निघून जातं, पण अगदी सगळं नाही, थोडा अंश उरतोच. म्हणून काही जणांना कणीस चालत नाही पण कॉर्नफ्लोअर सोसतं, आणि काहींना तेही नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे घरी चाखून ठरवायचं नसतं. त्वचेवरची चाचणी, रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं) तपासणी आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खायला देऊन केलेली परीक्षा, हाच रस्ता. नवऱ्याला डॉक्टरांनी स्टार्चही बंद सांगितलंय आणि एड्रेनालिनचं इंजेक्शन (ॲलर्जीचा जोरदार झटका आला तर टोचायचं) कायम जवळ ठेवायला लावलंय. माझी सगळी शेरेबाजी या कडक पथ्यातून आलेली आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

आता बटाट्याचं स्टार्च. पाकीट फोडून चिमूटभर बोटांत चोळलं की करकर वाजतं. चव नाही, वास नाही. याचे कण चांगले मोठे असतात, काही तर ०.१ मिलिमीटरपर्यंत, मक्याचे त्यापुढे अगदीच बारीक. हे मोठे कण पाणी पिऊन भरपूर फुगतात, म्हणून कॉर्नफ्लोअर जेवढं घालायचो तेवढंच, किंबहुना थोडं कमीच पुरतं. एक मोठा चमचा म्हणत असाल तर पाऊण चमच्यापासून सुरुवात करा.

सूप मंद आचेवर असू द्या. वाटीत एक चमचा स्टार्च, दोन चमचे गार पाणी. पाणी गारच हवं, गरम पाण्यात गुठळ्या धरतात. ओतायच्या आधी वाटी पुन्हा ढवळा, कारण दोन मिनिटांत स्टार्च तळाशी असं घट्ट बसतं की चमचा रोवावा लागतो. मग धार धरा आणि दुसऱ्या हाताने डाव फिरवत राहा. आधी काहीच होत नाही, सूप पाण्यासारखंच राहतं आणि वाटतं की कमी पडलं. हात आवरा, आणखी घालू नका. काही क्षणांत डाव एकदम जड लागायला लागतो आणि कडेने जाडसर चकाकी येते. पहिला बुडबुडा फुटला की गॅस बंद. बटाट्याचं स्टार्च साठ-पासष्ट अंशांच्या आसपासच फुलतं, त्याला खदखद उकळी लागत नाही. उलट उकळत ठेवून ढवळत बसलात तर ते फुगलेले कण फुटतात आणि दाटपणा निघून जातो. नवीन माणूस इथे फसतो: सूप पातळ दिसलं म्हणून आणखी उकळतो, ते आणखी पातळ होतं, मग आणखी पीठ घालतो.

याच कारणाने उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी गरम केलं की थोडं सैल पडतं. मला चालतं. ज्यांच्याकडे पाहुण्यांसाठी सकाळी करून संध्याकाळी गरम करायची पद्धत आहे त्यांना नाही चालणार.

तळण्यात मात्र हे कॉर्नफ्लोअरच्या वरचढ आहे, हे मी बिनशर्त लिहून देते. माशाचे तुकडे किंवा फ्लॉवरचे तुरे कोरडे पुसायचे, मीठ लावायचं, स्टार्च भुरभुरायचं, जास्तीचं झटकून टाकायचं आणि लगेच तेलात सोडायचं. वर पांढुरकं, पातळ, कुडकुडीत कवच येतं आणि ते बराच वेळ टिकतं. रंग फारसा चढत नाही, त्यामुळे तांबूस होण्याची वाट बघत बसू नका, आतला तुकडा कोरडा पडेल.

एक सावधगिरी: बटाट्याचं स्टार्च आणि बटाट्याचं पीठ या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. पीठ म्हणजे अख्खा बटाटा वाळवून दळलेला. त्याला बटाट्याचा वास असतो, रंग पिवळसर असतो आणि सॉसमध्ये घातलं की खळ तयार होते. दुकानदारही सर्रास एकाच्या जागी दुसरं देतात. आतली पूड पांढरीशुभ्र नसेल तर पाकीट परत करा.

टॅपिओका स्टार्चबद्दल माझं मत मिश्र आहे. कसाव्याच्या कंदापासून होतं, चव स्वच्छ, चकाकी भरपूर. फ्रीझरमध्ये टाकायच्या पदार्थासाठी चारांमध्ये हेच उत्तम: गोठवून परत वितळवलं तरी सॉसला पाणी सुटत नाही. फळांच्या पायमध्ये तर मी दुसरं काही वापरतच नाही. पण जरा हात सैल सुटला की तार धरतं, चमचा वर उचलला की मागे लांबलचक दोरी येते. नवरा म्हणतो खाताना सॉस परत ताटात ओढला जातोय असं वाटतं. प्रमाणही जास्त लागतं, एका चमच्याच्या जागी दीड ते दोन. कुकी किंवा ब्रेडमध्ये थोडं घातलं तर छान चिवटपणा येतो; जास्त घातलं तर रबर.

आरारूटने माझी सर्वांत मोठी निराशा केली, कारण सर्वांत जास्त कौतुक त्याचंच ऐकलं होतं. आंबट सॉसमध्ये ते खरंच चांगलं आहे. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर असलं की कॉर्नफ्लोअरसुद्धा हळूहळू हार मानतं. आरारूट टिकतं आणि सॉस काचेसारखा पारदर्शक राहतो. इथवर पैकीच्या पैकी. पण दुधात घातलं की शेंबूड. दुसरा शब्द नाही. व्हाइट सॉस, क्रीम सूप, दुधाचं पुडिंग यांत आरारूट घालू नका, कोणी कितीही सांगो.

निराशेचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आरारूट या नावाने विकली जाणारी प्रत्येक पावडर आरारूटची नसते. खरं आरारूट मॅरांटा नावाच्या रोपाच्या कंदापासून काढतात आणि ते महाग पडतं. त्यामुळे त्या नावाखाली टॅपिओका विकला जातो, मिश्रणं विकली जातात. इतरांना काय, सॉस दाट झाल्याशी मतलब. आपल्याला आत काय आहे ते कळलंच पाहिजे. मी घटकांमध्ये वनस्पतीचं नाव स्पष्ट छापलेलं असेल तरच पाकीट उचलते. सुट्टी पावडर तर अजिबात नाही, कारण ज्या डावाने ती भरतात तोच डाव शेजारच्या कॉर्नफ्लोअरच्या डब्यात बुडालेला असतो.

राहिली तांदळाची पिठी. गरीब बिचारी, पण व्हाइट सॉससाठी मी हिच्यावरच येते. लोण्यात मंद आचेवर परतायची, कच्चा वास जाईपर्यंत, मग दूध थोडं थोडं. कॉर्नफ्लोअरच्या दुप्पट लागते, शिजायला वेळ घेते, सॉस पांढरा अपारदर्शक होतो, जो व्हाइट सॉसला हवाच असतो. उकळली तरी पातळ होत नाही. दोष एकच: नीट दळलेली नसेल तर जिभेला रवाळ लागते. दळणाचाच आणखी एक प्रश्न आहे. जिथे मका दळला जातो त्याच चक्कीवर तांदूळ दळून आणला तर सगळ्या पथ्यावर पाणी. मी तांदूळ धुऊन, कापडावर पूर्ण वाळवून, घरच्या मिक्सरवर फिरवते आणि बारीक चाळणीने चाळते. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातला प्रत्येक कण मला माहीत असतो.

तांदळाबद्दल एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. वर सांगितलेल्या झिया एम १४ या प्रथिनाचे भाईबंद तांदळात आणि पीचसारख्या फळातही असतात, आणि काहींचं शरीर त्यांच्यात फरक करत नाही. माझ्या नवऱ्याला तांदूळ चालतो. सगळ्यांनाच चालेल असं नाही. मक्याची ॲलर्जी आहे म्हणून आंधळेपणाने तांदळाकडे वळू नये.

कस्टर्डचं वेगळं लिहायला हवं, कारण बाजारातली कस्टर्ड पावडर म्हणजे बव्हंशी कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. मी अंड्याचा पिवळा बलक आणि तांदळाची पिठी घेते. बलकामध्ये स्टार्च मोडणारं एक एन्झाइम असतं. कस्टर्ड नुसतं गरम करून दाट झालं म्हणून उतरवलं तर ते एन्झाइम जिवंत राहतं आणि रात्रभरात फ्रिजमध्ये कस्टर्डचं पाणी करून ठेवतं. मधोमध बुडबुडे फुटेपर्यंत उकळी आणावीच लागते. पिठी ती उकळी सोसते, बटाट्याचं स्टार्च सोसत नाही, म्हणून इथे पिठी. कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड थंड झाल्यावर सुरीने कापता येतं तसं हे होत नाही, मऊच राहतं. मला वाडग्यात चमच्याने खाल्लेलं जास्त आवडतं, तर माझी तक्रार नाही.

बेकिंग पावडर. हिच्यात सोडा असतो, एक आम्ल असतं आणि ओल शोषून दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायला स्टार्च असतं, जे बहुतेक वेळा मक्याचं. बटाट्याचं किंवा टॅपिओकाचं स्टार्च असलेल्या बेकिंग पावडरी मिळतात आणि मिळाल्या तर घ्याव्यात. नाही तर घरी करणं एवढं सोपं आहे की लिहायलाही लाज वाटते: एक भाग खायचा सोडा, दोन भाग क्रीम ऑफ टार्टर (हे यातलं आम्ल), एक भाग बटाट्याचं स्टार्च. दोनदा चाळायचं, कोरड्या बरणीत भरायचं. विकतच्या एका चमच्याला हिचा एक चमचा, हिशेब सरळ. फरक एवढाच की विकतच्या पावडरीचा बराचसा जोर ओव्हनच्या उष्णतेत लागतो, हिचा जोर ओलं लागताक्षणी सुरू होतो. त्यामुळे ओव्हन आधी तापवून ठेवा, टिनला लोणी आधी लावून ठेवा, आणि मिश्रण कालवल्यावर फोन उचलू नका.

आयसिंग शुगरचं दुखणं तसंच. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात थोडं स्टार्च, साधारण तीन ते पाच टक्के, मिसळलेलं असतं आणि तेही बहुधा मक्याचं. साखर मिक्सरवर बारीक करून लगेच वापरायची असेल तर काही घालायची गरज नाही. साठवायची असेल तर कपाला एक छोटा चमचा बटाट्याचं स्टार्च. विकतच्याइतकी रेशमी होत नाही हे खरं. बटरक्रीममध्ये कळत नाही, पातळ ग्लेझमध्ये किंचित कळतं.

मीठसुद्धा बघा. काही देशांत आयोडीनयुक्त मिठात आयोडाइड (आयोडीनचं एक रूप) टिकावं म्हणून डेक्स्ट्रोज ही साखर घालतात, आणि डेक्स्ट्रोज बहुतेक ठिकाणी मक्यापासून करतात. जिथे आयोडेट हे आयोडीनचं दुसरं रूप वापरतात तिथे त्याची गरज पडत नाही. पाकिटाच्या मागच्या चार ओळी वाचल्या की उलगडा होतो.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर मात्र माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. "ग्लुटेन-फ्री" हा शिक्का तर आपल्यासाठी जवळजवळ धोक्याची सूचना आहे. मक्यात गव्हासारखं ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन) नसतं, म्हणून ग्लुटेन-फ्री ब्रेड, बिस्किटं आणि केकची मिश्रणं मक्यानेच भरलेली असतात. लोक प्रेमाने "हे घे, ॲलर्जीवाल्यांचं आहे" म्हणून तेच हातात ठेवतात. कायद्याचीही मदत तोकडी. अमेरिकेत ठळकपणे जाहीर करायच्या ॲलर्जीकारक पदार्थांत २०२३ पासून तीळ धरून नऊ नावं आहेत, युरोपीय संघाच्या यादीत चौदा. मका दोन्हीकडे नाही. म्हणजे "यात अमुक अमुक आहे" ही ठळक ओळ वाचून निर्धास्त होता येत नाही, बारीक अक्षरातली पूर्ण यादी वाचावी लागते. तिथेही मका आपल्या नावाने येईलच असं नाही. अमेरिकेत नुसतं "स्टार्च" लिहिलं असेल तर ते मक्याचं समजायचं. मॉडिफाइड, म्हणजे प्रक्रिया करून बदललेलं, स्टार्च कशाचंही असू शकतं. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप यांचं मूळ लिहिलेलं नसेल तर मी मकाच गृहीत धरते. झँथन गम (दाटपणा आणणारा डिंक) आणि सायट्रिक ॲसिड सूक्ष्मजीवांकडून आंबवून करतात आणि त्यांना खायला दिलेली साखर मक्याची असू शकते. हे शेवटचे दोन किती जणांना त्रास देतात ते ज्याच्या त्याच्या शरीरावर आहे. नवऱ्याला डॉक्टरांनी त्यांना परवानगी दिली आहे.

म्हणून नवीन पाकीट घेतलं की मी कंपनीला मेल टाकते. मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं, तेव्हा प्रश्न नेमके ठेवते: याच मशीनवर कॉर्नफ्लोअर भरता का, भरत असाल तर मध्ये काय स्वच्छता होते, आणि गुठळ्या न होण्यासाठी आत काही घातलंय का. उत्तरांतून कंपनी कळते. आरारूटवाल्या एका कंपनीने मक्याबद्दल विचारल्यावर "आमचं उत्पादन शंभर टक्के ग्लुटेन-फ्री असल्याने आपण निश्चिंत राहावे" असं कळवलं आणि शेवटी हसरा चेहरा टाकला. ती बरणी मी नवऱ्याच्या पानापासून लांबच ठेवली. बटाट्याचं स्टार्च विकणाऱ्यांपैकी एकाने मात्र साधं उत्तर दिलं: कारखान्यात फक्त बटाट्याचंच काम होतं, आत दुसरं काही घालत नाही, भरण्याचं ठिकाण बदललं तर पाकिटावरचा कोड बदलेल. त्यांचंच पाकीट मी अजून आणते, आणि दर वेळी कोड बघूनच टोपलीत टाकते. कोड बदललेला दिसला तर पाकीट परत फळीवर ठेवते आणि आधी मेल करते.